विषय : ‘कडक’ या शब्दाबाबत

नवे घर बांधणाऱ्यांनी सिमेंट कोणते घ्यावे, लोखंड कसे पारखावे, वायर कोणती वापरावी, याविषयी ‘सोप्या भाषेत, खेळकरपणे’ लिहा, असे संपादकांनी कळवले होते. त्यांच्या पत्रास मी तीन हरकती घेतल्या. पहिली, मी खेळकर नाही. दुसरी, सोप्या भाषेत सांगितलेले लोक विसरतात आणि अवघड भाषेत सांगितलेले वाचत नाहीत, तेव्हा भाषेचा प्रश्न येथे गौण आहे. तिसरी हरकत अशी की, या विषयावर सल्ला देण्याचा माझा अधिकार संपुष्टात आला आहे आणि तो कसा संपला हे सांगितल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही. संपादकांनी ‘चालेल’ एवढेच उत्तर पाठवले, तेही मोबाइलवर. पत्राला पत्राने उत्तर देण्याची रीत आता राहिलेली नाही, ही चौथी हरकत मी मनातच ठेवली. थकवा येतो.

मी सरकारी बांधकामावर ओव्हरसियर म्हणून रुजू झालो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मधला तपशील सेवापुस्तकात नोंदलेला आहे, वाचकांना त्याचा उपयोग नाही. कामाचे स्वरूप मात्र सांगितले पाहिजे. बाहेरच्या माणसाला वाटते की अभियंता म्हणजे बांधणारा. माझ्या वाट्याला नाकारणे आले. ट्रक आला की माल बघायचा आणि बहुतेक वेळा ‘परत न्या’ म्हणायचे. ते नुसते तोंडाने म्हणून भागत नाही, म्हणून लिहून द्यायचे. तोंडी शब्द दुपारपर्यंत फिरतो. लिहिलेला शब्द फिरवायचा तर कोणाला तरी निदान सही करावी लागते. अशी हाताला लिहिण्याची सवय लागली आणि निवृत्तीनंतर ती सुटली नाही. धाराशिवच्या घरी माझ्या टेबलावर अजूनही आवक-जावक नोंदवही आहे. पूर्वी सगळी पत्रे रजिस्टर पोस्टाने जात. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, त्याबद्दलही मी संबंधितांना लिहिले आहे. आमच्या घरात यावर एकच मत आहे आणि ते माझे नाही. पत्नी म्हणते, “अहो, तुमच्या पत्राला उत्तर येत नाही तेच बरंय. आलं असतं तर त्या उत्तराला उत्तर लिहीत बसला असता.”

निवृत्तीनंतर माणसे नकाशे घेऊन घरी येऊ लागली. मी मोबदला घेत नसे, कारण मोबदला घेतला की मिंधेपणा येतो, अशी माझी समजूत होती. आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगे. सिमेंटच्या कंपनीचे नाव नंतर विचारा, आधी पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांपलीकडचे पोते कितीही नामांकित असले तरी त्याचा जोर उतरलेला असतो. वाळू तळहातावर चोळून कळत नाही. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून ती खळखळून हलवा आणि तीन तास तिला हात लावू नका. वर जो गाळाचा थर बसेल तो तुमच्या भिंतीत जाणार आहे. सळई नगावर मोजून घेऊ नका, मीटरभर तुकडा कापून वजन करा. बारीक सळई जाड म्हणून खपवणारा वजनात सापडतो. यात गुपित काही नाही. सगळे मानकांत छापलेले आहे. ते कोणी वाचत नाही म्हणून गुपित झाले आहे.

येडशीजवळच्या एका बांधकामावर मी अशी बाटली भरून ठेवली तेव्हा वाळूवाला ट्रॅक्टरवरून वाकून म्हणाला, “साहेब, लोणचं घालताय व्हय?” कामावरची सगळी माणसे हसली. मी घड्याळ लावून बसलो. तीन तासांनी वाळूवर दोन बोटे गाळ होता. घराच्या मालकाने बाटली उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि खालच्या आवाजात म्हणाला, “पटलं साहेब. पर ट्रॅक्टर मेव्हण्याचा हाय. परत धाडला तर आमची मंडळी माहेरी जाईल.” वाळू तेथे राहिली, मी घरी आलो. मेव्हण्याविषयी मानकांत तरतूद नाही.

सोनारीच्या वाटेवर एका निवृत्त गुरुजींनी घर बांधले. ओट्याला ग्रॅनाइट, छताला पीओपीची नक्षी, न्हाणीघरात परदेशी बनावटीचा नळ. अर्थिंगचा खड्डा मात्र नव्हता. मी विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, “साहेब, नळ पाव्हण्याला दाखवता येतो. अर्थिंगचं काय दाखवू, खड्डा?” मी घरी येऊन त्यांना चार पानांचे पत्र लिहिले. वीज गळाली तर तिला जमिनीत जायला वाट द्यावी लागते, ती न दिल्यास ती माणसातून वाट काढते, असा त्याचा आशय होता. पुढच्या हिवाळ्यात गीझरखालच्या नळाला हात लावताना गुरुजींच्या पत्नींना झटका बसला. थोडक्यात निभावले. गुरुजींचा घाबरा फोन आला तेव्हा मी त्यांना त्याच पत्राची प्रत पाठवली, तिसऱ्या पानावरचा मजकूर अधोरेखित करून. मला ते तेव्हा योग्य वाटले होते. तो खड्डा खणायला एक दिवस पुरला असता. चार पाने लिहिण्याऐवजी मी एक दिवस तेथे जाऊन उभा राहिलो असतो तर तो खणला गेला असता. हे मला फार उशिरा सुचले, आणि सुचले ते सिस्टरच्या घरामुळे.

विमलताई ढोकीच्या आसपासच्या उपकेंद्रांवर परिचारिका होत्या. सगळा भाग त्यांना ‘सिस्टर’ म्हणतो, मीही म्हणतो. नोकरीभर त्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या. छताचे पाणी कोणत्या खोलीत गळत होते त्यावरून त्यांना तेव्हाचे गाव आठवते. मागेपुढे कोणी नाही. निवृत्तीच्या वेळी जे हातात आले त्यातून त्यांनी ढोकीच्या कडेला, पूर्वीच्या उसाच्या रानात, एक प्लॉट घेतला. हे घर एकदाच होणार होते. ते बिघडले असते तर दुसरे बांधण्याइतके त्यांच्यापाशी काही उरणार नव्हते, आणि पुन्हा भाड्याच्या खोलीत जाण्याचे त्यांचे वय नव्हते.

पहिल्या भेटीला त्या शंभरपानी वही घेऊन आल्या. म्हणाल्या, “साहेब, मला नक्षीबिक्षी नको. घर गळू न्हाय, उलू न्हाय आन् करंट बसू न्हाय. बाकी तुम्ही म्हणाल तसं.” इतकी नेमकी मागणी मी कोणत्याही निविदेत वाचली नव्हती.

सिमेंट, लोखंड आणि नळसामान ढोकीतल्या इक्बालभाईंच्या दुकानातून घ्यायचे ठरले. त्यांच्या सुनेची दोन्ही बाळंतपणे सिस्टरनी केलेली. दर ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्म्याचा डबा सिस्टरकडे न चुकता येई. असल्या घरोब्याचे मला वावडे आहे. घरोबा असला की माणूस पोते उघडून बघत नाही. मी प्रत्येक पोत्याचा आठवडा वाचला, सळईचे तुकडे तोलले, वायरची गुंडाळी उलगडून तिच्यावरचा छाप तपासला. इक्बालभाई गल्ल्यावर हनुवटी टेकवून हे सगळे पाहत होते. म्हणाले, “साहेब, मुलगी बघायला आल्यावानी बघताव तुम्ही. पोतं चालवून बी दावू का?” मी त्यांना सांगितले की हा विनोदाचा विषय नाही. तपासलेल्या प्रत्येक मालाबद्दल मी सहीनिशी एक चिठ्ठी दिली आणि सिस्टरनी ती, पेशंटचा केसपेपर लावावा तशी, वहीत चिकटवली.

आता पायाविषयी. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया ठेवला तर घर वर्षातून दोनदा हलते आणि हलता हलता तडकते. म्हणून ती खोदून खाली मुरूम लागेपर्यंत जायचे. मुरूम हा कुजलेला खडक, तो फुगत नाही. अडचण अशी की काळ्या मातीखाली पुष्कळदा पिवळट चिकण मातीचा एक थर असतो आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात. तीही फुगणारीच माती. परंतु वैशाखात ती अशी वाळते की टिकाव उसळून परत येतो, आणि रंगाने ती थेट मुरमासारखी दिसते. दोन्ही ओळखण्याची युक्ती सोपी आहे. खड्ड्यात चार घागरी पाणी ओतायचे आणि दुसऱ्या दिवशी पहार टेकवून बघायची. मुरूम असेल तर पहार वाजते. माती असेल तर रुतते. ही युक्ती मी निवृत्तीपर्यंत किती ओव्हरसियरांना शिकवली असेल, त्याची गणती नाही.

खड्ड्याच्या तळाशी घट्ट थर लागला की खणणारा माणूस वर तोंड करून म्हणतो, ‘कडक लागलं.’ हा बांधकामावरचा शब्द आहे. तो ऐकला की काठावरचा माणूस ‘घाला’ म्हणतो, आणि काँक्रीट पडायला सुरुवात होते. कडक म्हणजे नेमके काय, असे कोणी कोणाला विचारत नाही.

सिस्टरचा पाया खणला त्या दिवशी, भर वैशाखात, खड्ड्यात दगडू मिस्त्री होते. मी काठावर पोत्यांच्या थप्पीपाशी होतो, कारण सकाळी आलेल्या काही पोत्यांवरचा छापील आठवडा पुसट होता आणि मी भिंग लावून त्यांची यादी करत होतो.

“साहेब, कडक लागलं,” मिस्त्री खालून म्हणाले.

मी वरून पाहिले. पिवळट रंग, पांढरे खडे. मिस्त्रींनी टिकाव मारून दाखवला. तो खणकन वाजला.

“पाणी सोडून बघायचं का, साहेब? उंद्या सकाळी घालू.”

“टँकरचं पाणी पुरवून वापरा, मिस्त्री. पुढे काँक्रीट भिजवायला लागेल. आणि मुहूर्त आजचा आहे. घाला.”

सिस्टरच्या वहीत मी लिहिले : ‘पाया : कडक थरापर्यंत. योग्य.’ खाली सही. त्यानंतर भिंग घेऊन पुन्हा पोत्यांकडे वळलो. मातीवर कोणी आठवडा छापत नाही, म्हणून मी ती वाचली नाही.

घर देखणे झाले. त्यानंतरच्या श्रावणात सिस्टरचा फोन आला. “साहेब, भिंत उलली.”

मी गेलो. न्हाणीघराच्या कोपऱ्यातून निघालेली तड विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी खिडकीपर्यंत चढली होती. अशी पायऱ्यांची तड खालची जमीन हलल्याखेरीज जात नाही. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवत असे. ती तड मी डोळ्यांनी पाहिली, तिच्यात नख घातले, आणि म्हणालो, “सिमेंट.”

असे का म्हणालो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूस माझ्या मनात आधीच ठरलेला होता. ती पुसट आठवड्याची पोती मला सलत होती. पायाखाली फक्त माझी सही होती, पोत्यामागे दुसऱ्याचे दुकान. याहून चांगले कारण मला सापडलेले नाही.

“इक्बालभाई तसं करतील व्हय, साहेब?” सिस्टर म्हणाल्या.

“माणूस कसा आहे हा प्रश्न नाही, सिस्टर. माल कसा आहे हा आहे.”

मी नोटीस लिहिली. ‘विषय : सदोष सिमेंट पुरवून फसवणूक केल्याबाबत.’ माझ्या चांगल्या मसुद्यांपैकी तो एक होता. मुदतीत समाधानकारक खुलासा आला नाही, म्हणून ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार केली. सिस्टरनी तिच्यावर सही करताना पेन बराच वेळ हातात धरून ठेवले होते. सही त्यांनी माझ्या शब्दावर केली. त्यानंतरच्या ईदला त्यांच्याकडे डबा आला नाही. हे त्यांनी मला कळवले नाही, मी विचारलेही नव्हते.

कॉलममधला काँक्रीटचा गाभा आणि भिंतीतला मसाला काढून मी प्रयोगशाळेत धाडला. अहवाल आला : दोन्ही योग्य. मी प्रयोगशाळेला त्यांच्या पद्धतीतील त्रुटी दाखवणारे पत्र लिहिले.

त्या हिवाळ्यात एका दुपारी इक्बालभाई धाराशिवला आमच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. पत्नीने चहा पुढे केला, तो त्यांनी कपाला हात लावून तसाच ठेवला.

“साहेब, तुम्ही कायद्याचं माणूस. म्या दुकानदार. एकच इचारायला आलोय. माझा माल समदा जमिनीच्या वर हाय. खालचा माल वरवाल्याचा. त्याला नोटीस धाडली का?”

मी म्हणालो, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. ते उठले, पत्नीला “भाभी, येतो” म्हणाले आणि गेले.

“अहो, त्यांनी चहा घेतला नाही,” पत्नी म्हणाली.

“प्रतिवादीने घेऊही नये.”

तिने कप उचलला. “मग वादीच्या बाजूनं तरी कुणीतरी खाली बघून या.”

दुसऱ्या दिवशी मी ढोकीला गेलो. दगडू मिस्त्रींना बोलावून तडकलेल्या कोपऱ्यालगत खड्डा घ्यायला लावला. न्हाणीघराचे सांडपाणी त्याच बाजूला मुरत होते. पायाच्या तळाइतके खाली गेल्यावर मिस्त्रींनी पहार टेकवली. ती वाजली नाही. हात सोडला तरी ती तशीच उभी राहिली, रुतून. मी त्या वयात, त्या कपड्यांनिशी खड्ड्यात उतरलो, मूठभर माती घेतली आणि दोन्ही तळहातांमध्ये वळली. शेवईएवढी बारीक झाली तरी तुटेना. मुरमाची शेवई होत नाही.

मला जो संताप आला तो बाहेर पडायला समोर एकच माणूस होता.

“मिस्त्री, तुम्ही मला मुरूम लागला म्हणून सांगितलं होतंत!”

दगडू मिस्त्रींनी हात झटकले. “म्या कडक म्हणलो, साहेब. मुरूम कवा म्हणलो? आन् पाणी सोडायचं का म्हणून इचारलो बी.”

मी निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतर लोकांच्या वाक्यांमधल्या पळवाटा शोधत आलो आहे. या वाक्यात पळवाट नव्हती. कडक ते होतेच. त्याला मुरूम मी ठरवले, वरून पाहून, एका हातात भिंग असताना. ज्या माणसाने ‘यथोचित’ आणि ‘योग्य’ यांतील फरकावरून एक निविदा वर्षभर अडवून ठेवली, त्याने ‘कडक’ या शब्दाचा खुलासा मागितला नाही.

सिस्टर स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितले. चूक पायाची आहे, पाया मी पास केला, सिमेंटचा काही दोष नाही. त्या निवडत राहिल्या. मग विचारले, “वाचंल का आता?”

हे त्या घराबद्दल विचारत होत्या.

मी म्हणालो की उपाय आहे. छताला टेकू देऊन कोपऱ्यांच्या कॉलमखाली थोडे थोडे खोदत मुरमापर्यंत जायचे आणि ते काँक्रीटने भरत वर यायचे. सांडपाणी नळाने लांब न्यायचे, घराभोवती फरशीचा पट्टा करायचा म्हणजे पाणी पायाशी जाणार नाही. काम जोखमीचे आहे. ते पावसाच्या आत झाले पाहिजे. आराखडा लातूरच्या एका संरचना अभियंत्याकडून करून घेऊ, कारण माझ्या सहीवर आता माझाच विश्वास नाही. खर्चाबाबत आमच्या दोघांत जे ठरले ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

मी आणखी एक गोष्ट सुचवली. सिस्टरनी माझ्याविरुद्ध तक्रार करावी, मसुदा मी स्वतः करून देतो. घरी येऊन मी खरोखर कायदा काढून बसलो. वादी सिस्टर, प्रतिवादी मी, सेवेतील त्रुटी. पहिल्याच पायरीवर अडलो. मोबदल्याशिवाय दिलेली सेवा या कायद्याच्या दृष्टीने सेवाच नव्हे. मी कधी मोबदला घेतला नव्हता. ज्या गोष्टीचा मला अभिमान होता त्याच गोष्टीने मला कायद्याबाहेर सुखरूप उभे केले होते.

हे मी सिस्टरना पुढच्या भेटीत सांगितले.

“म्हंजी फुकट दिलेलं औषध इख निघालं, तर कुणी कुणाला इचारायचं न्हाय?”

“या कायद्याने नाही,” मी म्हणालो.

“मग एक करा, साहेब. आपली तक्रार म्हागारी घ्या, म्या सही करते. पर इक्बालभाईला पत्र धाडायचं न्हाय. तुमची नोटीस पोष्टमननं भर बाजारात त्यांच्या हातात दिली व्हती, समद्यांनी बघितली. तुम्ही दुकानात जायचं. गिऱ्हाईक असताना. तोंडानं सांगायचं.”

तक्रार मागे घेतली. काम सुरू झाले. मी रोज सकाळच्या एसटीने ढोकीला जाऊ लागलो, खड्ड्याच्या काठावर नव्हे, खड्ड्यात उतरू लागलो. सिस्टरनी सगळे सामान एका खोलीत हलवले आणि टेकूंच्या गर्दीतून वाट काढत त्या स्वयंपाक करत. इतके सगळे झाले, पण बाजारपेठेतल्या त्या दुकानापर्यंत जायला मला चैत्र उजाडला. तेवढ्या काळात मी तीन वेळा पत्र लिहून फाडले.

गेलो तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइके होती. वायर घ्यायला आलेला एक माणूस, रंगाचा डबा उघडून बघणारी एक बाई, आणि धोतर-टोपीतले एक म्हातारबा, त्यांच्यासाठी इक्बालभाई खिळे तोलत होते.

“बोला साहेब,” ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले. “आज कागद कुठं हाय?”

“आज कागद आणलेला नाही.”

मी वाटेत वाक्य जुळवून आलो होतो. त्यात ‘चुकीची तक्रार’ असा शब्द होता. चुकीची आणि खोटी यांत कायद्याने फार मोठे अंतर आहे. तोंडातून निघाले ते असे : “इक्बालभाई, तुमचं सिमेंट चांगलं होतं. सिस्टरच्या घराचा पाया वाईट होता आणि तो मी बघून पास केला होता. मी तुमच्यावर खोटी तक्रार केली.”

वायर घेणारा माणूस वळून बघू लागला. म्हातारबांनी कानामागे हात धरला. “काय म्हणत्यात?”

इक्बालभाईंनी काट्यात आणखी चार खिळे टाकले. “जरा जोरात, साहेब. ह्यांना ऐकाया कमी येतंय.”

मी पुन्हा सांगितले, जोरात. समोरच्या हॉटेलात चहा पिणारी माणसेही उठून दारात आली. साठीच्या पुढे माणसाचा आवाज मोठा करायला गेले की फाटतो, हे त्या दिवशी कळले.

म्हातारबांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि मान हलवली. मग म्हणाले, “ते झालं तुमचं दोघांचं. आन् बाईच्या घराचं?”

मी तेथे माझ्या शब्दाचा आणि इक्बालभाईंच्या नावाचा निकाल लावायला गेलो होतो. घर त्या दुकानात फक्त म्हातारबांना आठवले.

“दोन कोपरे झालेत, दोन राहिलेत. पावसाच्या आत व्हायला पाहिजेत.”

“व्हतील का?”

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत कोणत्याही कागदावर लिहिले नव्हते.

इक्बालभाईंनी खिळ्यांची पुडी बांधली, म्हातारबांच्या हातात दिली, आणि गल्ल्यामागचे स्टूल पायाने माझ्याकडे सरकवले. मी बसलो. गिऱ्हाइके चालू राहिली.

हे लिहितो आहे तेव्हा पावसाळा सरत आला आहे. तिसरा कोपरा झाला. चौथा अर्धा असताना पाऊस आला आणि अभियंत्याने काम थांबवायला लावले, ते आता दिवाळीनंतर. झालेल्या तीन कोपऱ्यांत नवी तड नाही. चौथ्या कोपऱ्याच्या खोलीचे दार मात्र भाद्रपदापासून खाली घासू लागले आहे. परवा मी सिस्टरना म्हणालो की सुतार आणतो, रंधा मारून देईल, दार तेवढे मोकळे फिरेल.

“नको,” त्या म्हणाल्या. “तापावर गोळी दिली की पेशंटला वाटतं बरं झालं, आन् दुखणं आतल्या आत वाढतंय. घासू द्या दार. ते किती घासतंय ते म्या रोज बघते. तुम्ही आठवड्याला येऊन बघत जावा.”